पानगळ आणि वणवा

माघ सरतां सरतां आलापल्लीच्या जंगलांत साग उघडा पडूं लागतो. सुपाएवढें पान आधीं कडेनें पिवळें, मग तपकिरी होतें, आणि एके दिवशीं वारा पडलेला असतांहि देठापासून सुटून खालीं येतें. चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यांत ज्यांनीं उन्हाळ्याचा आरंभ एखाद्या वनवस्तींत काढला असेल, त्यांच्या कानांत त्या पानांचा खडखडाट असेलच. इतरांनीं एवढेंच जाणावें कीं, त्या दिवसांत अशा जंगलांत चोरपावलांनीं चालणें माणसास शक्य होत नाहीं.

पान मेलें म्हणून पडलें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति जरा निराळी आहे. पान पडण्याच्या कित्येक दिवस आधीं झाड त्या कामाला लागलेलें असतें. पानांतील हरितद्रव्य मोडलें जातें. नत्र आणि स्फुरद हीं मोलाचीं द्रव्यें फांदींत परत ओढून घेतलीं जातात. देठाच्या बुडाशीं पेशींचा एक पातळ थर तयार होतो, आणि त्या थरांतील पेशी हळूहळू एकमेकींपासून सुटूं लागतात. फांदीच्या बाजूस उघडी जखम राहूं नये म्हणून तेथें बुचासारखें आवरणहि धरतें. इतकें सारें झाल्यावर पान गळतें.

याची खातरी करून घ्यावयाची असेल तर त्याच जंगलांत वादळानें मोडलेली एखादी फांदी पाहावी. हिरव्या पानांनिशीं मोडून लोंबकळत राहिलेल्या फांदीवरचीं पानें वाळतात, चुरगळतात, परंतु सहजासहजीं गळत नाहींत. गळण्यासाठीं जें काम करावें लागतें, तें करावयास त्या फांदींत जीवच उरलेला नसतो. गळणें हें जिवंत झाडाचें कर्तृत्व आहे.

तिसरें दृश्य वणव्याचें. मोहाचीं फुलें नीट दिसावीं व वेंचतां यावीं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देण्याची रीत या भागांत फार जुनी आहे. त्यांतून विस्तव पसरला कीं जंगलाचा पट्टाच्या पट्टा जळून जातो. त्या आगींत पानाला आवराआवर करावयास अवकाश मिळत नाहीं, आणि त्याचें मरण त्याच्यापुरतें राहत नाहीं. शेजारचें झुडूप, पांखराचें घरटें, जमिनीवर पडलेलें बीं, सर्वांना त्याची झळ पोंचते.

मनुष्याच्या शरीरांतील पेशीहि अशाच दोन तऱ्हांनीं मरतात. एक तऱ्हा पानगळीची, दुसरी वणव्याची. मेलेली पेशी यांपैकीं कोणत्या तऱ्हेनें मेली हें प्रयोगशाळेंत चमकत्या रंगांच्या साहाय्यानें कसें ओळखतात, आणि तें ओळखण्याचा एवढा खटाटोप कशासाठीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पानगळीचा दाखला येथें केवळ सोयीसाठीं घेतलेला नाहीं. या पहिल्या प्रकारच्या मरणास शास्त्रज्ञांनीं जें नांव दिलें, तेंच मुळीं पानगळीवरून दिलें. जॉन कर नांवाचे एक ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ १९६० नंतरच्या दशकांत उंदरांच्या यकृताचा अभ्यास करीत होते. आंतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेच्या शाखा त्यांनीं बांधून टाकल्या. रक्त तुटलेला यकृताचा भाग कांहीं आठवड्यांत आक्रसून लहान झाला. त्यांत पेशींचे कांहीं पुंजके एकदम नाश पावले होते, आणि तें अपेक्षितच होतें. पण उरलेल्या भागांतहि पेशी मरत होत्या, व त्यांचें मरण चमत्कारिक होतें. इकडे एक, तिकडे एक, अशा सुट्या सुट्या पेशी आक्रसत, त्यांचे लहान गोळे होत, आणि शेजारच्या पेशी ते गोळे गिळून टाकीत. सूज नाहीं, दाह नाहीं, कसलाच गाजावाजा नाहीं.

पुढें स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथें ॲलिस्टर करी व अँड्र्यू वायली यांच्या सहकार्यानें या निरीक्षणास सिद्धांताचें रूप आलें, आणि १९७२ सालीं तिघांनीं मिळून तें कर्करोगविषयक एका ब्रिटिश नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. नव्या कल्पनेला नवें नांव हवें होतें. त्याच विद्यापीठांतील ग्रीक भाषेचे अध्यापक जेम्स कॉरमॅक यांनीं ‘ॲपॉप्टोसिस’ हा शब्द सुचविला. फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाचीं पानें गळून पडणें, हा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. विकृतिशास्त्रज्ञांचें अडलेलें काम भाषेच्या शिक्षकानें पुढें न्यावें, ही गोष्ट ज्यांचा जन्म व्याकरण शिकविण्यांत गेला त्यांना सुखावणारी आहे.

दुसऱ्या प्रकारच्या मरणास ‘नेक्रोसिस’ हें पूर्वीपासूनचें नांव आहे. हे दोन्ही शब्द मराठी जिभेस जड जातात. पंचांग व जन्मपत्रिका पाहणाऱ्या घरांत ‘अपमृत्यु’ हा शब्द ओळखीचा आहे. अपघातानें, अकालीं ओढवलेलें मरण तें अपमृत्यु. नेक्रोसिसला तो चपखल बसतो. ॲपॉप्टोसिसला त्याच न्यायानें ‘नियतमृत्यु’ म्हणावयास हरकत नाहीं.

नियतमृत्यु हा शरीराचा शत्रु नव्हे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या बाजूला जुने मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत. पावसाळ्यांत त्यांच्या कांठीं बेडूकमाशांचे थवे दिसतात. बेडूकमाशाला शेपूट असतें, बेडकाला नसतें. मधल्या दिवसांत तें तुटून पडत नाहीं. जागच्या जागीं जिरतें. त्यांतील पेशी नियतमृत्यूनें मरतात आणि त्यांचें द्रव्य वाढत्या पिलाच्या उपयोगीं पडतें. मातेच्या उदरांत मनुष्याचा हात प्रथम वल्ह्यासारखा चपटा असतो. बोटांमधल्या पेशी मरतात तेव्हां बोटें सुटीं होतात. सूत्रकृमीच्या एका सूक्ष्म जातींत तर हा हिशेब पक्का मोजलेला आहे. वाढीच्या काळांत त्याच्या शरीराच्या १०९० पेशी निर्माण होतात, त्यांपैकीं नेमक्या १३१ मरतात, आणि दर कृमींत त्याच त्या मरतात. या संशोधनाबद्दल सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि जॉन सल्स्टन यांना २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

अपमृत्यूचीं उदाहरणें या दोन जिल्ह्यांत दुर्दैवानें शोधावीं लागत नाहींत. धानाच्या बांधावर नाग चावला आणि माणूस उपचारानें वांचला, तरी दंशाभोंवतालचें मांस कित्येकदां काळें पडून झडतें. विषानें तेथील पेशींचीं आवरणें फोडलेलीं असतात. सिकलसेलच्या रोग्याची हकीकत अशीच. गडचिरोली व चंद्रपूर भागांतील आदिवासी आणि इतर कांहीं समाजांत हा आनुवंशिक रोग पुष्कळ आढळतो. त्यांत तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. पलीकडच्या हाडाला रक्त मिळत नाहीं, तेथील पेशी गुदमरून मरतात, आणि रोगी वेदनेनें तळमळतो. मांडीच्या हाडाचा खुब्यांतला गोळा अशा रीतीनें निकामी होऊन ऐन तारुण्यांत लंगडणारीं मुलें या भागांतील डॉक्टरांना नवीं नाहींत.

दोहोंतला मुख्य फरक फुटण्याचा आहे. अपमृत्यूंत पेशी पाण्यानें फुगते, तिचें आवरण फाटतें आणि आंतलीं पाचक द्रव्यें शेजारीं सांडतात. शरीर तेथें धांव घेतें. सूज, लाली, ठणका हा त्या धांवपळीचा परिणाम. नियतमृत्यूंत पेशी उलट आक्रसते. तिच्या आंतील कांहीं प्रथिनें कात्रीप्रमाणें काम करून तिची रचना ठरलेल्या क्रमानें कापूं लागतात. केंद्रक घट्ट होतें, मग त्याचे मण्यांसारखे तुकडे पडतात, आणि आवरण न फाटतां सबंध पेशी लहान लहान पुरचुंड्यांत वांटली जाते. त्या पुरचुंड्या भक्षक पेशी खाऊन टाकतात. शेजाऱ्याला पत्ताहि लागत नाहीं.

आतां खटाटोपाचें कारण. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यांत घोटून केलेला खर्रा या भागांत गांवोगांव मिळतो, आणि तो खाणारांत शाळकरी मुलेंहि असतात. त्यामागून तोंडाचा कर्करोग येतो. कर्करोगाची पेशी म्हणजे नियतमृत्यूचा हुकूम मोडणारी पेशी. जेव्हां गळून जावयाचें तेव्हां ती गळत नाहीं. किरणोपचार किंवा सिसप्लॅटिनसारखीं औषधें अशा पेशीच्या आंतील गुणसूत्रांस इजा करतात आणि तो दबलेला हुकूम पुष्कळ अंशीं पुन्हां चालू करावयास लावतात. उपचार लांबचा असतो, खर्चाचा असतो, गांवापासून दूर असतो. अशा वेळीं घरांत कोणीतरी सांगतो कीं, अमुक झाडाच्या सालीनें किंवा बियांच्या रसानें कर्करोग मरतो, आणि तें शहरांतल्या प्रयोगशाळेंत सिद्धहि झालें आहे.

सांगणारा खोटेंच बोलत असतो असें नाहीं. बिब्ब्याचें उदाहरण घ्यावें. परीट ज्याच्या रसानें कपड्यांवर खुणा करीत, अंगाला लागला तर जो उततो, आणि ज्याची गोडंबी थंडीच्या लाडूंत पडते, तोच हा बिब्बा. चेन्नई येथील संशोधकांनीं स्तनाच्या कर्करोगाच्या, बशींत वाढविलेल्या पेशींवर त्याच्या अर्काचा प्रयोग केला. त्या पेशी मेल्या, आणि नियतमृत्यूच्या खुणा दाखवून मेल्या, असें त्यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलें. वाचणाऱ्यास आनंद व्हावा हें साहजिक आहे. पण बशींतल्या पेशी मारणें ही मोठी कठीण गोष्ट नव्हे. उकळतें पाणी त्यांना मारतें, फिनेल मारतें. म्हणून ‘मेल्या काय?’ या प्रश्नापाठोपाठ ‘कशा मेल्या?’ हा प्रश्न जाणता संशोधक विचारतो. सगळ्या पेशी फुटून मेल्या असतील तर तो द्रव बहुधा सरसकट विष आहे, आणि तें निरोगी पेशींनाहि सोडणार नाहीं. आवराआवर करून मेल्या असतील तर आंतली एखादी कळ दाबली गेली असण्याचा संभव आहे, व पुढें शोध करावयास जागा आहे. रंगांचें काम येथें लागतें.

पेशीचें आवरण दुपदरी असतें. फॉस्फॅटिडिलसेरीन असें लांबलचक नांव असलेला एक स्निग्ध पदार्थ जिवंत पेशींत जवळजवळ सर्वच्या सर्व आंतल्या पदरांत असतो. तो बाहेरच्या पदरांत गेलाच तर त्याला परत आंत आणणारीं प्रथिनें पेशींत आहेत, आणि तें काम चालू ठेवण्यासाठीं पेशी सतत शक्ति खर्च करते. नियतमृत्यु सुरू झाला कीं हा पहारा उठतो. आंतला पदार्थ बाहेर येतो. जणूं कोटाचें अस्तर बाहेरून दिसूं लागतें. भक्षक पेशींना ती निशाणी समजते: ही पेशी उचलावयाची आहे. १९९२ सालीं ही निशाणी प्रथम ओळखली गेली.

हीच निशाणी माणसाच्या डोळ्यांना दिसावी म्हणून ॲनेक्सिन-पांच नांवाचें प्रथिन उपयोगीं पडतें. प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी वार आणि नाळ यांत हें विपुल असतें. त्याचा गुण असा कीं, कॅल्शियमच्या सान्निध्यांत तें फॉस्फॅटिडिलसेरीनला घट्ट चिकटतें. त्याला एक प्रदीप्त होणारा रंग जोडून दिला कीं काम झालें. प्रदीप्त होणें म्हणजे काय, हें बँकेंत नोट तपासण्याचा जांभळा दिवा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना सांगावें लागणार नाहीं. साध्या उजेडांत न दिसणारे नोटेंतील धागे त्या दिव्याखालीं लखलखूं लागतात. रंगाचा कण एका जातीचा प्रकाश गिळतो आणि त्याहून लांब लहरींचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा, प्रकाश परत देतो. ॲनेक्सिनला नेहमीं जोडला जाणारा रंग ४८८ नॅनोमीटर लहरींचा निळा प्रकाश घेऊन हिरवा प्रकाश देतो. निळ्या प्रकाशांत पेशीची कड हिरवी उजळली, कीं अस्तर बाहेर आलें असें समजावें.

पण एवढ्यानें भागत नाहीं. फाटलेल्या पेशींत ॲनेक्सिन सरळ आंत शिरतें आणि तेथल्या पदरालाहि चिकटतें, म्हणजे अपमृत्यूनें मेलेली पेशीहि हिरवीच दिसणार. यासाठीं दुसरा रंग हवा. प्रोपिडियम आयोडाइड हा तांबडा रंग सबंध आवरणांतून आंत जाऊं शकत नाहीं; आवरण फाटलें असेल तर मात्र आंत घुसून केंद्रकांतील डीएनएच्या पायऱ्यांमध्यें बसतो, आणि तेथें बसल्यावर त्याची चमक वीस-तीस पटींनीं वाढते. पहिला रंग विचारतो, ‘अस्तर बाहेर आलें काय?’ दुसरा विचारतो, ‘भिंत पडली काय?’ १९९४-९५ च्या सुमारास नेदरलँड्समधील संशोधकांनीं या प्रश्नांची जोडी जमविली, आणि तेव्हांपासून ती जगभर रूढ झाली आहे.

उत्तरें अशीं येतात. दोन्ही रंग नाहींत ती पेशी जिवंत. केवळ हिरवा आहे, ती नियतमृत्यूच्या वाटेवर निघालेली. अस्तर बाहेर आहे पण भिंत उभी आहे. दोन्ही रंग आहेत, ती मेलेली. हें उघड्या डोळ्यांनीं प्रदीप्ति-सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां येतें, किंवा फ्लो सायटोमीटर नांवाच्या यंत्रांतून मोजतां येतें. या यंत्रांत पेशी एकीमागून एक अशा बारीक धारेंतून लेसरच्या झोतापुढून जातात, आणि दर पेशीची हिरवी व तांबडी चमक नोंदली जाते. दहा हजार पेशी मोजावयास फार वेळ लागत नाहीं. पुण्याचें राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र किंवा खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन शाखा, अशा ठिकाणीं अशीं यंत्रें आहेत. कागदावर त्याचें चित्र चार चौकोनांचें निघतें, आणि तें पाहून नवशिक्यास वाटतें कीं सारें स्पष्ट झालें.

खरी अडचण त्या चौथ्या चौकोनांत, म्हणजे दोन्ही रंगांच्या पेशींत, दडलेली असते. शरीरांत नियतमृत्यूनें मरणाऱ्या पेशीला खाऊन टाकावयास भक्षक पेशी असतात. बशींत त्या नसतात. मग कोणी उचलीत नाहीं म्हणून ती पुरचुंडी तेथेंच पडून राहते, कांहीं तासांनीं तिचेंहि आवरण फाटतें, आणि तांबडा रंग आंत शिरतो. गळलेलें पानहि पुढें वणव्यांत सांपडलें तर त्याची राखच होते, आणि राखेवरून तें आधीं गळलें होतें काय हें कळत नाहीं. चोवीस तासांनीं एकदांच पाहून, दोन्ही रंग दिसले म्हणून ‘औषधानें नियतमृत्यु घडविला’ असें लिहिणारा, किंवा त्याच आधारावर ‘हें केवळ विष आहे’ म्हणणारा, दोघेहि पुराव्यावांचून बोलत असतात.

यावर उपाय वेळेचा. एकाच वेळीं अनेक बशा लावावयाच्या आणि दोन, चार, आठ, बारा, चोवीस तासांनीं एकेक उघडून पाहावयाची. नियतमृत्यूची वाट हिरव्यावरूनच जाते: प्रथम कोऱ्या, मग केवळ हिरव्या, मग दोन्ही रंगांच्या, अशी पेशींची चाल दिसते. अपमृत्यूंत मधला मुक्काम बहुधा लागतच नाहीं. कोऱ्या पेशी एकदम दोन्ही रंगांच्या होतात. ज्या प्रथिनांच्या कात्र्यांचा उल्लेख वर आला, त्या बोथट करणारें द्रव्य एका बशींत घालून ठेवण्याचीहि पद्धति आहे. त्या बशींतील पेशी वांचल्या तर इतर बशींत मरण कात्र्यांनीं घडविलें, म्हणजे नियत होतें, असें म्हणावयास बळकट आधार मिळतो. अलीकडे असेंहि आढळून आलें आहे कीं, फुटून मरण्याचे कांहीं प्रकारसुद्धां पेशींच्या आंतूनच हुकूम सुटून घडतात. त्यामुळें दोन खण पुरे पडत नाहींत आणि शास्त्रज्ञांच्या यादींत नवीं नांवें पडत चाललीं आहेत. पण तो विषय मोठा आहे.

हातांचा दोषहि येथें फार नडतो. बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशी खरवडून काढल्या तर खरवडण्यानेंच आवरण फाटतें, आणि मग रंग औषधाचा गुण सांगत नाहीं, खरवडणाऱ्याचा हात सांगतो. मेलेल्या पेशी तळ सोडून वर तरंगतात. वरचें पाणी नेहमींच्या संवयीनें ओतून दिलें तर ज्यांची चौकशी करावयाची त्याच मोरींत गेल्या. कॅल्शियम विसरलें तर ॲनेक्सिन चिकटत नाहीं, आणि सगळ्या पेशी जिवंत असल्याचा आनंददायक पण खोटा निकाल हातीं येतो. रंग घातल्यावर तासाभराच्या आंत पाहावें लागतें. रंग न घातलेली एक बशी, एकेकच रंग घातलेल्या दोन, आणि औषध न घातलेली एक, इतक्या सोबतच्या बशांवांचून या प्रयोगास किंमत नाहीं. या बारीकसारीक गोष्टी कंटाळवाण्या वाटतील, पण कर्करोगावर अमुक वनस्पति चालते असें जेव्हां छापून येतें, तेव्हां त्या वाक्याचा सारा भार यांच्यावर असतो.

लाखो रुपयांचें यंत्र नसलेल्या महाविद्यालयालाहि यांत हात घालतां येतो. ॲक्रिडिन ऑरेंज आणि इथिडियम ब्रोमाइड या दोन रंगांचें मिश्रण पेशींच्या थेंबांत घालून प्रदीप्ति-सूक्ष्मदर्शकाखालीं धरलें कीं दोन गोष्टी एकदम दिसतात. पहिला रंग सर्वच पेशींत जाऊन हिरवा उजळतो. दुसरा फाटलेल्या पेशींतच शिरून नारिंगी दिसतो. शिवाय केंद्रकाचा आकार डोळ्यांपुढें असतो. एकसारखें हिरवें केंद्रक म्हणजे जिवंत पेशी. हिरवे मणी म्हणजे नियतमृत्यूचा आरंभ. नारिंगी मणी म्हणजे त्याचीच अखेर. आणि सबंध, न तुटलेलें नारिंगी केंद्रक म्हणजे अपमृत्यु. ज्या अवस्थेंत मोठें यंत्र गोंधळतें, तेथें हा जुना डोळ्यांचा मार्ग कित्येकदां उजवा ठरतो, कारण यंत्र चमक मोजतें आणि डोळा आकार पाहतो. पाहणारानें मात्र शेंकडों पेशी प्रामाणिकपणें मोजल्या पाहिजेत, आणि कोणती बशी औषधाची हें त्याला मोजतांना ठाऊक नसलेलें बरें. हे रंग डीएनएला चिकटणारे आहेत, म्हणजे मोजणाऱ्याच्याहि. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना शिवूं नये.

बिब्ब्याकडे पुन्हां वळावयाचें तर, रंगांची साक्ष निर्दोष मिळाली तरी ती बशींतल्या पेशींपुरती असते. त्याच मात्रेनें निरोगी पेशींचें काय होतें, पोटांत गेल्यावर त्या द्रव्याचा किती अंश गांठीपर्यंत पोंचतो, यकृत व मूत्रपिंड तें सोसतात काय, या प्रश्नांना हे दोन रंग उत्तर देत नाहींत, आणि द्यावें अशी अपेक्षाहि त्यांच्याकडून नाहीं. ज्याच्या तोंडांतला व्रण तीन आठवडे भरत नाहीं, त्याच्या व्रणाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याचें काम या संशोधनाच्या पूर्णतेची वाट पाहत थांबवितां येत नाहीं. मध्यंतरीं रस पिण्यांत गेलेले महिने गांठ वाढण्यांत जातात.

हिरव्या रंगाबद्दल शेवटची एक गोष्ट गडचिरोलीच्याच रक्ताची आहे. सिकलसेलच्या रोग्याचें रक्त घेऊन त्यावर ॲनेक्सिन टाकलें, तर निरोगी रक्तापेक्षां कितीतरी अधिक तांबड्या पेशी हिरव्या उजळतात. तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसतें. तिच्यांत तुकडे पडावयास कांहीं नाहीं आणि प्रोपिडियमला बसावयास जागा नाहीं. तेव्हां चार चौकोनांचा कायदा येथें चालत नाहीं, आणि ‘हिरवी ती नियतमृत्यूची’ असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. झालेलें असतें तें असें: प्राणवायु कमी पडला कीं पेशीतील सदोष हिमोग्लोबिनच्या काड्या बनतात, पेशी वाकते, पुन्हां सरळ होते, पुन्हां वाकते, आणि या ओढाताणींत आवरणाचा पहारा ढिला होऊन अस्तर बाहेर येतें. पेशी अजून प्राणवायु वाहत असते, पण तिच्या अंगावर उचलण्याची निशाणी लागलेली असते. त्या उघड्या अस्तरामुळें रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूं लागतात. प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी ती निशाणी वाचून तिला गिळतात. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते; सिकलसेलच्या रोग्याची १० ते २० दिवस. अशा मुलाचा चेहरा पांढुरका आणि डोळे पिवळट दिसतात, त्यामागें हें एक कारण आहे.